शू-रॅकवर टांगलेले चोखोबा व माझी इतर चीजवस्तू

मी, धर्मराज गोविंद रामटेके, वय वर्षे सहासष्ट, धंदा चित्रांना चौकटी बसवण्याचा, मूळचा नागपूरचा, सध्या राहणार शॉमबर्ग, इलिनॉय, असे लिहून ठेवतो की आज माझी शुद्ध शाबूत आहे, हात थरथरत नाही, आणि शेजारी बसून मला कुणी काही सांगत नाही. डॉक्टरांनी छाती उघडून पुन्हा शिवली त्याला दीड वर्ष झालं. हृदय दुरुस्त झालं म्हणतात. कान कधी बिघडलेच नव्हते, आणि या कागदांत जे कडू आहे ते बहुतेक कानांनीच गोळा केलेलं आहे.

यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो. होतं एकच, माझी पत्नी सुमित्रा हिच्या नावे. ती माझ्याआधी गेली, त्यामुळे त्याचा निकाल तिनंच लावला.

याची इंग्रजी प्रत वकील प्रणिता मेश्राम हिने केली आहे. ती कोर्टासाठी. ही मराठी प्रत माणसांसाठी. प्रणिताने माझा पहिला मसुदा वाचला आणि चष्मा काढून म्हणाली, "काका, यातलं अर्धं विलमध्ये जात नाही."

"मग कुठं जातं?"

"थेरपिस्टकडे."

हुशार मुलगी आहे. पण मी एक अक्षर कमी केलेलं नाही.

कलम १. माझे वारस

मुलं दोन. थोरली मीरा, जर्सी सिटीत राहते, रोज गाडीनं मॅनहॅटनला बँकेत जाते, लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल तिला कुणी विचारू नये असं मी तिच्या वतीनं इथं नोंदवतो. धाकटा रवी, शॉमबर्गातच, एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरच्या कामावर. त्याची बायको रुपाली, मुलगी शिवांगी. शिवांगीशी मी मराठीत बोलतो, ती मला इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघांचं उत्तम चालतं.

मृत्युपत्राची अंमलबजावणी मीराने करावी. रवीला हे आवडणार नाही. कारण पुढे येईल.

कलम २. माझं प्रेत

साधेपणाने जाळावे. विहारातल्या मंडळींनी वंदना म्हणावी, तेवढी पुरे. हार नकोत. शोकसभा घ्यावीशी वाटली तर घ्यावी, मात्र तिथं श्री. दिगंबर जोगळेकर यांनी बोलू नये. ते बोलायला उभे राहतीलच, त्यांना राहवत नाही. अशा वेळी माइक बंद करावा. हे काम माझ्या दुकानातल्या प्रफुल्लला सांगून ठेवलं आहे.

कलम ३. बँकेतली शिल्लक

मीरा आणि रवी यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. यात माझा कुणावर राग नाही. पैशाच्या बाबतीत दोघंही सरळ आहेत.

कलम ४. दुकान व अवजारे

चौकटीच्या पट्ट्या कापायची करवत, पुठ्ठा कापायचं यंत्र, पकडी, हातोड्या, माझं जुनं कामाचं टेबल, सर्व प्रफुल्ल गजभिये यास. दुकान गेली काही वर्षं तोच चालवतो. मी फक्त काउंटरवर बसून लोकांशी गप्पा मारतो.

या देशात मी आलो तो कारखान्यातला कारागीर म्हणून. एल्जिनच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर होतो. मशीन बिघडायच्या आधी मला ऐकू यायचं. फोरमन मला बोलवायचा आणि म्हणायचा, "डॅरेल, काय म्हणतंय हे?" धर्मराजचं त्यानं डॅरेल केलं होतं. मी कान लावून सांगायचो, बेअरिंग जातंय. जायचंच. पुढे कारखाना बंद पडला. तोवर मी घरी तळघरात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फोटोंना चौकटी करून देत होतो, त्याचंच दुकान झालं.

दुकानात कान जास्त कामाला आले. आपली माणसं अमेरिकेत आवाज खाली करून बोलली की समजतात, कुणाला कळलं नाही. एकदा पुण्याकडचं एक जोडपं लग्नाचा फोटो घेऊन आलं. मी मागे पट्ट्या कापत होतो. बायको म्हणाली, "जरा कमी करायला सांग ना, आपलेच दिसतायत."

नवरा दारावरची पाटी वाचून आला होता. म्हणाला, "आपले? आडनाव वाचलंस का?"

मी हसत बाहेर आलो, माप घेतलं, चहा पाजला, फ्रेम झकास करून दिली. भाव मात्र त्यांनी विचारला नाही आणि मी सांगितलाही नाही. बिलावर होता तो होता. असे प्रसंग मी विसरत नाही, पण त्यांनी माझी झोपही गेली नाही. झोप गेली ती पुढच्या कलमांनी.

कलम ५. तंजावरी चित्र

मालमत्तेचे वर्णन: हातभर उंचीची फणसाची फळी, तिच्यावर कापड चिकटवलेले, त्यावर खडूची पूड व डिंक यांचा लेप चढवून केलेला उठाव, उठावावर अस्सल सोन्याचा वर्ख, कमानीत लाल-हिरवे काचमणी. चित्रातील व्यक्ती: संत चोखोबा. चौकट सागवानी, माझ्या हातची.

कोर्टाला एवढं पुरेल. पुढचं रवीसाठी, कारण त्याला हे मी लहानपणी सांगितलं तेव्हा तो टीव्ही बघत होता.

मी तेव्हा मद्रासला, पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात होतो. आई माझ्याजवळ राहायला आली होती. छप्पन साली नागपुरात आम्ही दीक्षा घेतली तेव्हा तिनं घरातले सगळे देव टोपलीत भरले, डोक्यावर घेतले आणि स्वतः नदीत सोडून आली. मागं वळून पाहिलं नाही. पण चोखोबाचं नाव तिच्या तोंडून गेलं नाही. आपलीच माणसं टोकायची, तेव्हा ती म्हणायची, "देव सोडले ना बाप्पा. हा का देव होय? हा तं आपला माणूस होय. उभ्या जन्मी दारात राह्यला बिचारा."

एकदा तिला घेऊन तंजावरला गेलो. तिथं एक म्हातारा चितारी होता, राजू नावाचा. तंजावरात अजून मराठी घरं आहेत, त्यांची कामं करून त्याला तोडकं मराठी येई. आईनं त्याच्या ओसरीवर बसकण मारली आणि चोखोबा काढून मागितला. राजूनं नाव ऐकलं नव्हतं. त्यानं विचारलं, मुकुट काय, दागिने काय? आई म्हणाली, घोंगडी. राजू डोकं खाजवायला लागला. त्या चित्रांची रीतच अशी की मुख्य मूर्ती मधोमध, सोन्याच्या कमानीखाली, मोठी. बाकी सगळे कडेला आणि लहान. कमानीखाली जो उभा, चित्र त्याचं.

"घोंगडीवाल्या साधूला सोनं लावू कुठं, अम्मा?"

"कमानीले लाव. दाराले लाव. अन् याले दाराच्या आत उभा कर."

"आत देव असतो."

"देव जन्मभर आतच होता ना? होऊ दे त्याले थोडं बाहेर. कुठी उभं राहाचं ते त्याचं तो पाहून घेईल."

राजू इतका हसला की त्याला कुंचला खाली ठेवावा लागला. मग त्यानं चोखोबा काढले ते कमानीच्या बरोबर मधे, गरगरीत गालांचे, घोंगडी पांघरलेले, हातात टाळ, वर सोन्याचा महिरपी दरवाजा. आणि विठोबा कमानीच्या बाहेर, डाव्या कडेला, वीतभरसुद्धा नाही, कमरेवर हात ठेवून, रेशनच्या रांगेत नंबर लागायची वाट बघावी तसा.

आईच्या खाटेसमोर ते चित्र तिच्या शेवटपर्यंत होतं. अमेरिकेला आलो तेव्हा तिच्या लुगड्यात गुंडाळून आणलं. सुमित्रानं ते बैठकीच्या खोलीत लावलं, दारातून आत आलं की समोर. प्रफुल्ल यायचा तेव्हा चिडवायचा, "काका, बौद्धाच्या घरात वारकरी संत? विहारात सांगू का?" मी म्हणायचो, सांग, पण आधी माझ्या आईला सांग.

कलम ६. हे चित्र आज माझ्या घरात नाही त्याचे कारण

मी हॉस्पिटलात नळ्या लावून पडलो होतो तेव्हा आमच्या भागातल्या मराठी मंडळींनी काढलेल्या नव्या देवळाचं उद्घाटन झालं. पूर्वी तिथं गालिच्यांचं दुकान होतं. समितीला 'महाराष्ट्राचे संत' अशी एक भिंत करायची होती. रवी समितीवर आहे. त्यानं माझ्या बैठकीतल्या भिंतीवरून चित्र उतरवलं आणि देऊन टाकलं. मला भेटायला आला तेव्हा सांगितलं, "काही दिवसांसाठी दिलंय, बाबा. ऑनर म्हणून."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? आईचा चोखोबा देवळाच्या भिंतीवर, आत, माणसांच्या मधे. मी देवळात जात नाही, पण म्हटलं, संक्रांतीला तिळगुळाचं निमित्त आहे, बघून येऊ.

जानेवारीतली शिकागोकडची हवा. देवळाच्या दारात आत शिरलं की आधी एक बोळ लागतो, तिथं भिंतीला लागून लांबच लांब शू-रॅक. बर्फातले बूट, त्यांचं गळणारं काळं पाणी, रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग, ओल्या मोज्यांचा वास, वरून हीटरची झळ. मी वाकून नाड्या सोडत होतो. शेजारी एक बाई मुलाला सांगत होती, "बेटा, बूट तिथं नको, हरवतील. त्या गोल्डवाल्या पिक्चरखाली ठेव."

मी वर पाहिलं. गोल्डवालं पिक्चर माझंच होतं.

काचेवर बाष्प धरलं होतं. घोंगडीच्या टोकापाशी कुणाच्या तरी बुटाच्या चिखलाचा शिंतोडा उडालेला. आत गेलो. आतल्या भिंतीवर बाकीचे संत ओळीनं, छापील पोस्टर, त्यांना चौकटी माझ्याच दुकानातल्या. बोळात फक्त एक.

समितीचे अध्यक्ष दिगंबर जोगळेकर दोन्ही हात पसरून आले. "या, या, रामटेकेसाहेब! कसं वाटलं प्लेसमेंट?"

"हे बाहेर का?"

"अहो, मुद्दाम! चोखोबांची जागा पायरीशी. पण आपल्या बिल्डिंगला पायरीच नाही, व्हीलचेअरसाठी सगळा रॅम्प आहे. मग प्रश्न पडला. शेवटी म्हटलं, माणूस जिथं पायातलं काढतो तीच पायरी. उत्तराची आयडिया."

उत्तराताई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. त्या हळदीकुंकवाचं तबक सांभाळत म्हणाल्या, "किती ऑथेंटिक वाटतं ना, काका? येणारा प्रत्येक माणूस त्यांच्यापुढे वाकतो."

"बूट काढायला वाकतो, ताई."

"तेच हो! नम्रता!"

साता समुद्रापार येऊन, रॅम्प असलेल्या इमारतीत, यांनी शोधून शोधून एक पायरी तयार केली, आणि ती कुणासाठी? पायरी नसलेलं देऊळ आयतं मिळालं होतं यांना. मी चित्र परत मागितलं. जोगळेकर हसले. "देवाला दिलेलं परत मागतात का? आणि रवीनं स्वतः, सगळ्यांसमोर…" आम्ही दोघांनी रवीकडे पाहिलं. रवी खाली बघून मोजे शोधत होता. मोजे त्याच्या पायातच होते.

कलम ७. चहाच्या पिंपाशेजारी ऐकलेले

हे कलम मालमत्तेबद्दल नाही. प्रणितानं खोडायला सांगितलं होतं.

त्याच दिवशी मी चहाचा कागदी पेला घेऊन स्वैपाकघराच्या दाराशी, चहाच्या पिंपाजवळ उभा होतो. आत दिगंबरराव आणि उत्तराताई तिळाच्या वड्या डब्यात भरत होते.

"आत लावलं असतं तर येईल त्याला एक्सप्लेन करत बसावं लागलं असतं," दिगंबरराव म्हणाले. "देव कोपऱ्यात आणि हा मधोमध, सोन्यात. कुणी सांगितलं असेल असं काढायला?"

"त्यांच्यातल्याच कुणीतरी. हळू बोल."

"तो तिकडे आहे, बाहेर."

मी तिकडेच होतो. परंपरा, पायरी, नम्रता, सगळं त्या डब्याच्या झाकणाखाली बंद झालं. तीळगूळ घ्या, गोड बोला असं म्हणत उत्तराताईंनी बाहेर येऊन माझ्या हातावर वडी ठेवली, ती मी पार्किंगमधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. अन्न टाकायची मला सवय नाही.

वर्षभर मी मागत राहिलो. फोन केले, गोड बोललो, दोनदा जाऊन बसलो. "बोर्ड मीटिंगमध्ये घेतो." "इन्शुरन्सचा प्रश्न आहे." "काका, रवीशी बोलतो." रवी म्हणायचा, "बाबा, करतो ना. टाइम द्या." काल परवा शिवांगीनं मला विचारलं, तिच्या इंग्रजीत, की आजोबा, ते शूजजवळचे गॉड आपल्या घरून गेलेत का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, "ईऊ." तिच्या सगळ्या इंग्रजीतला हा शब्द मला पूर्ण पटला.

कलम ८. घर

शॉमबर्गचे घर, परसातील छपरीसह, रवीस द्यावे, या अटीवर की माझे चित्र त्याने शू-रॅकवरून उतरवून माझ्या बैठकीत आणून लावावे. आणले नाही तर घर विकून येणारी रक्कम नागपूरहून इथं शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी प्रफुल्ल व मीरा यांनी वापरावी.

हे कलम मी रवीला स्वैपाकघरातल्या टेबलावर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "एका पिक्चरसाठी, बाबा?" मी म्हटलं, हो. तो कॉफी न पिता गेला.

(इथपर्यंतचे मार्च महिन्यात लिहिले. इथून पुढचे नंतर लिहीत आहे. आधीचे मुद्दाम ठेवले आहे.)

कलम ९. चित्र परत आले, त्याबद्दल

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी दुपारी रवी आला. काखेत चित्र, चादरीत गुंडाळलेलं. रुपाली दार धरून उभी होती. "घ्या बाबा," तो म्हणाला. "आणलं. नो ड्रामा."

मी काच पुसली. चिखलाचा शिंतोडा ओल्या कापसानं काढला. विठोबा आपल्या कोपऱ्यात तसाच उभा, चोखोबा आत. मी रवीच्या पाठीवरून हात फिरवला. किती वर्षांनी, ते आठवत नाही. "काय सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं."

"काय?"

"सांगितलं हो, बाबा. चहा टाकू का?"

एवढ्या उत्तरात मला बेअरिंग ऐकू यायला हवं होतं. आनंदात ऐकलं नाही.

मंगळवारी उत्तराताईंचा फोन आला. "काका, नमस्कार! चित्राची चौकशी करायला केला. रवीनं सांगितलं, वर्ख सुटायला लागलाय, रिस्टोअर करायला न्यायचंय. आमच्या तर लक्षातही आलं नसतं! आरतीनंतर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्याच्यासाठी. तुम्ही नशीबवान, काका. सावकाश होऊ द्या. झालं की परत तिथंच लावू, आम्ही खिळा तसाच ठेवलाय."

मी त्यांना थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार, त्या बाईनं त्या दिवशी तरी एक शब्द खोटा सांगितला नव्हता.

रवीला बोलावलं. तो ऑफिसातून थेट आला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मागून रुपाली. मी चित्र टेबलावर आडवं ठेवलं होतं.

"वर्ख कुठं सुटलाय, दाखव."

त्यानं ओळखपत्र गळ्यातून काढून खिशात टाकलं आणि म्हणाला, "तुम्हाला पिक्चर हवं होतं, मिळालं. मी काय कारण सांगितलं, काय फरक पडतो?"

"ते दुरुस्त होऊन परत यायची वाट बघतायत."

"बघू देत. काही दिवसांनी विसरतील. लोक विसरतात, बाबा."

"खरं सांगायला काय झालं होतं तुला?"

"काय झालं होतं?" तो उठला. आवाज चढला, आणि मला सांगायला हरकत नाही, तो चढल्याचं मला बरं वाटलं. "तुम्ही दुकान बंद करून घरी येता. तुमची माणसं विहारातली. मी सोमवार ते शुक्रवार त्या लोकांबरोबर असतो. माझा मॅनेजर दिगंबर काकांचा मेहुणा आहे. शिवांगीचा डान्स क्लास तिथं, बर्थडे पार्ट्या तिथं. मला विचारतात, नागपूरचे म्हणजे नेमके कोण? मी म्हणतो, ऑरेंज सिटी! सगळे हसतात, विषय संपतो. अकरा वर्षं मी तो विषय संपवतोय, बाबा. आणि तुम्ही म्हणता, आरतीनंतर उभं राहून सांग!"

"मी तसं म्हटलं नव्हतं. नुसतं आण म्हटलं होतं."

"पण तेच हवं होतं ना तुम्हाला?"

मुलगा माझाच. त्यानं बरोबर ऐकलं होतं.

रुपाली मधे पडली. ती यवतमाळची, मोजून बोलते. म्हणाली, "बाबा, मी सांगू का त्यांना? मला काही वाटत नाही." रवी म्हणाला, "तू नको." आणि मग मला म्हणाला, खाली बसून, अगदी हळू, "तुम्ही गेल्यावर सांगीन. प्रॉमिस. तुमच्या शोकसभेत सांगीन, सगळ्यांसमोर."

मी या देशात पुष्कळ ऐकून घेतलं आहे. काउंटरवर, कारखान्यात, देवळाच्या स्वैपाकघराच्या दाराशी. त्यातल्या कशानंही मला एवढी किळस आली नाही जेवढी या वाक्यानं आली. जोगळेकरांची गोष्ट वेगळी, ते माझे कुणी नव्हेत. इथं माझंच चित्र माझ्या मुलानं चोरून आणलं, आणि चोरी लपवायला चित्राचंच सोनं खोटं पाडलं. राजूनं लावलेला वर्ख आहे तो. तीस-पस्तीस वर्षांत, बोटीतून, दोन भाड्याच्या घरांतून, त्या ओल्या मोज्यांच्या वाफेतून, एक कण हललेला नाही. आणि हा सगळ्यांसमोर सांगतो की सुटला.

त्यानं घाबरावं, याचा मला राग नाही. मीसुद्धा पुष्कळ वेळा हसून वेळ मारून नेली आहे. पण आपली भीती त्यानं माझ्या मरणाच्या तारखेवर ढकलावी, म्हणजे तोवर मी काय करायचं, लवकर आटपायचं?

कलम १०. शेवटची वाटणी

कलम ८ मधील अट मी रद्द करतो. तिच्या जागी पुढीलप्रमाणे समजावे.

चित्र मीराचे. कोणत्याही अटीशिवाय, आजपासून. मी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, माझ्या अपार्टमेंटला भिंतच कुठंय? चोविसावा मजला, सगळ्या खिडक्या." मग म्हणाली, "किचनमध्ये एक आहे. मी उभी राहून जेवते तिथं." तिथं लाव म्हटलं. पुढच्या महिन्यात ती स्वतः गाडी घेऊन न्यायला येते आहे; विमानात ते सामानाबरोबर टाकायचं नाही असं तिनंच ठरवलं.

घर रवीचे, या अटीवर: कोणत्याही रविवारी आरती झाल्यावर, माणसं बूट घालत असताना, रवीने त्या शू-रॅकपाशी उभे राहून मोठ्याने सांगावे की वर्ख सुटलेला नाही, ते चित्र परत येणार नाही, आणि का येणार नाही. वाक्यं त्यानं स्वतःची बनवावीत, मी लिहून देणार नाही. मराठीत सांगावं, इंग्रजीत सांगावं, घाम पुसत सांगावं, मधेच थांबावं, चालेल. रुपालीनं किंवा शिवांगीनं त्याच्या वतीनं सांगितलेलं चालणार नाही. मी समोरच्या बाकावर बसलेला असेन.

प्रणितानं हे वाचून पेन खाली ठेवलं. "काका, विलमधल्या अटी माणूस गेल्यावर लागू होतात. तुम्ही बाकावर कसे असाल?"

म्हणून तिच्या सल्ल्याने आणि माझ्या शब्दांत अधिक स्पष्ट करतो. ही अट माझ्या हयातीतच पुरी व्हायची आहे. माझा श्वास थांबला की मुदत संपली. त्यानंतर रवीला कितीही धीर आला, त्याने शोकसभेत कितीही सुंदर भाषण केले, सभेतील प्रत्येक माणूस रडला, तरी घर त्याचे होणार नाही. ते विकून पैसे कलम ८ मध्ये सांगितलेल्या विद्यार्थ्यांच्या कामी लावावेत. मी मेल्यावर खरे बोलणाऱ्यास माझ्याकडून काही मिळायचे नाही.

हे सर्व रवीला वाचून दाखवले आहे. तो म्हणाला, "बाबा, धिस इज ब्लॅकमेल." मी म्हटलं, हो. रविवारी मी दहालाच देवळात जाऊन बसत जाईन, एरवी जात नसलो तरी. तब्येत ठीक आहे, पण डॉक्टर कसलीच हमी देत नाहीत.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यात मला काही कमी करावेसे वाटले नाही. प्रफुल्लला अवजारे मिळत असल्याने त्याला साक्षीदार होता येत नाही, याचे त्याला फार वाईट वाटले. साक्षीदार दोघेही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करीत आहेत.

सही: धर्मराज गोविंद रामटेके

साक्षीदार:
१. एडवर्ड नोवाक, शेजारी. (मराठी येत नाही. काय लिहिले आहे ते त्यांना इंग्रजीतून सांगितले. ते म्हणाले, त्यांच्या मुलालाही असे एक लिहून द्यावे.)
२. रत्ना वासनिक, परिचारिका, हॉफमन इस्टेट्स.

ठिकाण: शॉमबर्ग, इलिनॉय
दिनांक: ३ मे १९९७, शनिवार. उद्या रविवार आहे.